वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं: खर्रा, मानेच्या गाठी, बाळाची टाळू आणि जपानचे दात

या वेळच्या पत्रांत ‘नवीन काय निघालंय?’ हा प्रश्न फार आलाय. लेझर, थ्रीडी प्रिंटिंग, इम्युनोथेरपी, दात उगवणारं औषध. तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातला मोठा काळ नागपुरात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत माझ्या रुग्णांच्या सगळ्यात जास्त कामी आले ते ‘कोणती गोष्ट कधी करायची’ हे नीट पडताळून पाहणारे अभ्यास. यंत्रांबद्दलही लिहिते, पण जिथे त्यांचा खरा उपयोग आहे तिथेच. पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. कॉलेजपासून खर्रा खातो. आता तोंडात दोन बोटं कशीबशी जातात. जरा तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं, वरणभातावर राहतो. लेझरने आणि स्टेम सेलने तोंड उघडतं असं मोबाइलवर वाचलं. त्यासाठी पैसे जमवू का? (एक आई, वरोरा)

ताई, लेझरसाठी पैसे जमवू नका. आधी त्याचा खर्रा थांबू द्या, आजच्या आज. ‘कमी केलाय’ म्हणाला तर ऐकू नका.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, ओपीडीत आम्ही नुसतं ओएसएमएफ म्हणतो. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला असतो. दोष तंबाखूचा, असं घरोघरी समजतात. म्हणून मुलं तंबाखू सोडून साधी सुपारी धरतात आणि आईला सांगतात, आता काही खात नाही. पण हा आजार करते ती सुपारीच. तिच्यातलं अरेकोलिन गालाच्या आतल्या अस्तराखालच्या पेशींना सतत डिवचतं आणि त्या कोलॅजेनचे तंतू बनवत सुटतात. सुपारीत तांबंही भरपूर असतं. ते तंतू एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमचा जोर वाढवतं. जुने तंतू मोडायची शरीराची रीत त्याच वेळी मंदावते. म्हणून खर्रा सोडला तरी झालेला ताठरपणा आपोआप जात नाही, पण पुढचा थांबवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा शाळकरी पोरांनाही मिळतो. याचा मला आजही संताप येतो.

असा मुलगा समोर बसला की मी आधी मोजपट्टी घेते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजते. निरोगी तरुणाचं ३५ ते ४५ मिलिमीटर भरतं, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मग तर्जनी गालाच्या आत घालून पुढून मागे फिरवते. अक्कलदाढेच्या पुढे उभे पट्टे हाताला लागतात, ताणलेल्या सुतळीसारखे. गुलाबी असायला हवं ते अस्तर पांढुरकं झालेलं असतं. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ओठापुढे जेमतेम येते. गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही. एवढं तुम्ही घरीही पाहू शकता.

दोन बोटं जात असतील तर शस्त्रक्रियेशिवाय बरंच होऊ शकतं. आइसक्रीमच्या लाकडी काड्या आणा. मागच्या दाढांमध्ये मावतील तेवढ्या एकावर एक ठेवायच्या, मग गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक हळूच सरकवायची आणि मिनिटभर धरून ठेवायची. दोन्ही बाजूंना, दिवसातून पाच-सहा वेळा. काड्यांचा आकडा तारखेसकट वहीत लिहायला लावा. माझ्याकडचे रुग्ण वही घेऊन येतात. आकडा खाली घसरला की मला विचारावं लागत नाही, खर्रा पुन्हा सुरू झालाय हे कळतं. याच्या जोडीला पट्ट्यांमध्ये हायलुरोनिडेज आणि स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने जळजळ कमी होते आणि तोंड काही मिलिमीटर मोकळं होतं. टोमॅटोतलं लायकोपीन आणि हळदीतलं करक्युमिन यांवर आपल्या देशात पुष्कळ छोटे अभ्यास झालेत. जळजळीला आराम पडतो असं त्यांत दिसतं. पण अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्यांना ‘हेच औषध द्या’ असं ठामपणे म्हणता आलेलं नाही. मी देते, पण काड्यांच्या जोडीला, काड्यांच्या ऐवजी कधीच नाही.

तोंड एका बोटावर आलं तर शस्त्रक्रियेचा विचार करतो. पहिली कसोटी भूल देणाऱ्या डॉक्टरांची असते, कारण तोंड उघडत नसल्यामुळे श्वासाची नळी नाकातून, दुर्बिणीने, रुग्ण जागा असतानाच घालावी लागते. मग दोन्ही गालांतले पट्टे कापायचे आणि तोंड उघडून घ्यायचं. कापलेली जागा तशीच सोडली तर आकसून पुन्हा बंद होते, म्हणून ती झाकावी लागते. गालाच्या आत चरबीची एक मऊ पिवळी गादी असते. त्याच कापातून ती हलक्या हाताने ओढून मागच्या जखमेवर पसरतो. पुढच्या भागाला ती पुरत नाही. तिथे कधी नाकाशेजारच्या घडीतली त्वचा आत वळवावी लागते आणि चेहऱ्यावर वण राहतो. अक्कलदाढाही त्याच वेळी काढून टाकतो, नाहीतर त्या नव्या अस्तरावर चावतात.

यात लेझरचा वाटा कापण्यापुरता आहे. रक्त कमी जातं, बस. पट्टा सुरीने कापला की लेझरने, याने फारसं बिघडत नाही. नंतरचे निदान सहा महिने रोज व्यायाम झाला का, यावर सगळं अवलंबून असतं. टेबलावर ४० मिलिमीटर उघडलेलं तोंड वर्षभरात दोन बोटांवर परत आलेलं मी पाहिलंय. स्टेम सेलचे प्रयोग फार थोड्या रुग्णांवर झालेत, त्यासाठी घरचा पैसा घालायची वेळ अजून आलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलाच्या कानावर तुम्हीच घातलेली बरी. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं मागोवा घेतला होता. त्यांपैकी ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणून तोंड छान उघडू लागलं तरी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी हवीच. पंधरा दिवसांत न भरणारी जखम किंवा लाल चट्टा दिसला तर तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात या. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११२-३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. फोन मुलाने स्वतः करावा.

माझ्या मिस्टरांच्या जिभेच्या कडेला लहानशी जखम होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मानेत गाठ नाही, सोनोग्राफीतही नाही. तरी डॉक्टर म्हणतात जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन करू. ज्या ठिकाणी आजारच नाही तिथे चिरायचं कशाला? (एक वाचक, कराड)

वहिनी, तुमचा प्रश्न जगभरच्या सर्जननी पन्नास वर्षं एकमेकांना विचारला. त्याचं सगळ्यात भक्कम उत्तर मुंबईत परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळालं.

तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी सुटतात त्या आधी मानेतल्या लसीका गाठींत जाऊन बसतात. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या असतात की हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीतही दिसत नाहीत. त्यामुळे दोन तट होते. एक म्हणे, जिभेबरोबरच मानेच्या गाठी काढा. दुसरा म्हणे, लक्ष ठेवा, गाठ आली तर काढू. उगाच सगळ्यांना मोठं ऑपरेशन कशाला? दुसरा विचार समजूतदार वाटतो. आम्हालाही तो तसाच शिकवला गेला होता.

टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं या दोन विचारांची तुलना करणारा अभ्यास चालवला. जखम लहान आणि मानेत गाठ नाही, म्हणजे अगदी तुमच्या मिस्टरांसारखे रुग्ण. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नव्हते, यदृच्छेने ठरत होतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ साली निकाल आला. तीन वर्षांनी, मानेचं ऑपरेशन आधीच केलेल्या गटात ८० टक्के लोक हयात होते. वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधी केली की त्यांतल्या एकाचा जीव वाचतो. नवं महागडं औषध नाही, नवं यंत्र नाही. तेच ऑपरेशन, तेच हात, फक्त आधी. आधी काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा शंभरातल्या सुमारे तिसांमध्ये कॅन्सर आधीच पोचलेला होता. हे लिहितानाही मला अभिमान वाटतो, कारण प्रश्न आपल्या रुग्णांचा होता आणि उत्तरही आपल्या रुग्णांनीच दिलं, अमेरिका-युरोपने ते आपल्याकडून घेतलं.

आता तुमच्या डॉक्टरांना काय विचाराल? जखम किती खोल आहे ते विचारा. रिपोर्टमध्ये ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन’ या नावाखाली ते मिलिमीटरमध्ये असतं. खोली तीनपेक्षा कमी असलेल्या रुग्णांत मुंबईच्या अभ्यासातला फायदा तितका स्पष्ट नव्हता, तिथे निर्णय वेगळा होऊ शकतो. त्याहून खोल असेल तर मी माझ्या भावाचंही मानेसकट करायला सांगेन.

ऑपरेशनची भीती वाटते ती साहजिक आहे. मानेच्या घडीतच काप घेतात, त्यामुळे वण पुढे फारसा दिसत नाही. जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या दोन तृतीयांश भागातल्या गाठी चरबीसकट निघतात. मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस सांभाळतात. काही दिवस नळी आणि तिला जोडलेला डबा असतो. नंतर काही महिने खांदा जड वाटतो. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अडतो. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून धरा, खांदा दुखेपर्यंत थांबू नका. खालच्या ओठाची एक बाजू थोडी कमजोर होऊ शकते, ती बहुधा सुधारते.

मान न उघडता कळण्याची एक वाटही निघाली आहे. जखमेभोवती किंचित किरणोत्सारी द्रव टोचतात, तो सगळ्यात आधी ज्या गाठीत पोचतो ती शोधून तेवढीच काढतात आणि बारीक काप करून तपासतात. तिच्यात कॅन्सर नसेल तर उरलेली मान राहू देतात. फ्रान्समधल्या २०२० च्या आणि जपानमधल्या २०२१ च्या अभ्यासांत असे रुग्ण पूर्ण मान केलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, आणि खांद्याचा त्रासही कमी झाला. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग हवा आणि अशी गाठ नेहमी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट हवेत. मोठ्या केंद्रात सोय असेल तर जरूर विचारा. नसेल तर तिच्या शोधात महिना घालवू नका. जिभेचा कॅन्सर थांबत नाही. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात.

भावाचा गालाचा कॅन्सर ऑपरेशन आणि रेडिएशननंतर परत आलाय. आता ऑपरेशन होणार नाही म्हणाले. इम्युनोथेरपीचा खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. (डोंबिवली)

गप्प बसू नका. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. कमी डोसच्या इम्युनोथेरपीबद्दल तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना नाव घेऊन विचारा. निव्होलुमॅब या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निव्होलुमॅब जोडलेल्यांत ४३.४ टक्के. हे रुग्ण तुमच्या भावाच्याच अवस्थेतले होते. आजार मुळातून जाईल असं मी म्हणणार नाही. पण मिळणारा काळ खरा आहे, आणि पूर्ण डोस परवडत नाही म्हणून काहीच न करणं, यापेक्षा ही वाट नक्की बरी.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी २०२५ मध्ये दुसरी बातमी आली. प्रगत पण काढता येण्याजोग्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचंच औषध दिल्यावर आजार परत येण्याचं किंवा वाढण्याचं प्रमाण घटलं. तीन वर्षांनी असं काही न घडलेले रुग्ण ४६.४ वरून ५७.६ टक्क्यांवर गेले, आणि अमेरिकेने त्याच वर्षी जूनमध्ये त्याला मान्यता दिली. औषध फार महाग आहे. ते घेण्यासाठी ऑपरेशन लांबवायचं मात्र नाही, हे त्या अभ्यासातही काटेकोरपणे पाळलं होतं.

वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन आठ महिने झाले. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. दाढ काढायची आहे. ओळखीचे म्हणतात पाच दिवस गोळ्या बंद ठेवा. (इचलकरंजी)

बंद ठेवू नका! दाढेच्या जागेतून रक्त आलं तर आम्ही तिथे दाबून, टाका घालून, विरघळणारा स्पंज भरून ते थांबवू शकतो. पण गोळ्या थांबवल्यामुळे स्टेंटमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी झाली तर दातांच्या दवाखान्यात कोणी काही करू शकत नाही. सकाळची वेळ घ्या, म्हणजे काही झालंच तर दिवस हाताशी असतो. एका वेळी एक-दोनच दात काढा. वडील वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असते तर आदल्या दिवशीचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, पाहिला असता, तो चारच्या खाली असला की साधी दाढ काढता येते. गोळ्यांत काहीही बदल फक्त हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितला तरच. आणि हाड ठिसूळ होऊ नये म्हणून आईला गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर तेही डेंटिस्टना दाढ काढण्याआधी सांगायचं असतं. धोका थोडा आहे, पण जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

नात चार महिन्यांची आहे. ओठ चांगला आहे पण टाळू फाटलेली आहे, दूध नाकातून येतं. सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणात सुनेने वेध पाळले नाहीत, भाजी चिरली, असं शेजारी बोलतात. सून रडते. ऑपरेशन कधी करायचं? (एक आजी, गेवराई)

आजी, आधी सुनेला जवळ बसवा आणि हे तिला वाचून दाखवा. गर्भात बाळाच्या टाळूचे दोन भाग दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध जुळतात ते तिसऱ्या महिन्याच्या शेवटापर्यंत. ते ग्रहण ७ सप्टेंबरला होतं. बाळ आता चार महिन्यांचं आहे, म्हणजे त्या रात्री तिला पाचवा-सहावा महिना असणार. टाळू जुळायची की नाही ते त्याच्या कित्येक आठवडे आधीच ठरून गेलं होतं. तिने भाजी चिरली काय आणि पोळ्या लाटल्या काय, बाळाच्या टाळूला त्याचा स्पर्शही झाला नाही. अशा फटीला घराण्यातून आलेले गुण कारण असतात, फिटची काही औषधं असतात, गरोदरपणी फॉलिक अ‍ॅसिड कमी पडणं असतं, आणि बऱ्याच वेळा एक असं कारण हाती लागतच नाही. शेजाऱ्यांना तुम्ही सांगा, आजीच्या तोंडून ते जास्त ऐकतील.

ऑपरेशनच्या वेळेबद्दल २०२३ मध्ये फार महत्त्वाचा अभ्यास छापून आला. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांत, फक्त टाळू फाटलेल्या ५५८ बाळांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात केलं, निम्म्यांचं बाराव्या. पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं बोलणं तपासलं. बोलताना टाळू घशाशी नीट मिटली नाही की हवा नाकातून निसटते, ‘प’चा ‘म’ होतो, शब्द गेंगाणे येतात. उशिरा केलेल्यांत हे १५ टक्के मुलांत राहिलं, लवकर केलेल्यांत ८.९ टक्के. बाळ बडबडायला लागतं त्याआधी टाळू शिवलेली असली की जीभ योग्य जागा शिकते.

पण त्या अभ्यासातली बाळं भूल सोसण्याइतकी धट्टीकट्टी होती आणि भूल देणारे लहान बाळांतले तज्ज्ञ होते. आपल्याकडे सहाव्या महिन्यात अशा बाळांचं वजन बरेचदा कमी असतं, हिमोग्लोबिनही. म्हणून आतापासून दोन महिने वजन वाढवायच्या मागे लागा. पाजताना बाळाला आडवं धरू नका, बसतं धरा. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, थोडं थोडं, गालाच्या बाजूने. दर थोड्या वेळाने ढेकर काढा. दर आठवड्याला वजन करा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे आत्ताच नोंद करा, ऑपरेशन मोफत होतं. कानात पाणी साठतं का तेही तपासून घ्या, या बाळांत ते फार आढळतं आणि ऐकू न आल्यानेही बोलणं मागे पडतं.

जपानमध्ये दात उगवणारं औषध निघालंय म्हणतात. पायरियाने चार दाढा गेल्या. कवळी किंवा इम्प्लांट न करता थांबू का? (निवृत्त शिक्षक, संगमनेर)

सर, थांबू नका. बातमी खरी आहे, पण ती तुमच्यासाठी नाही. ओसाकाच्या किटानो रुग्णालयातले तोंडाचे सर्जन कात्सू ताकाहाशी यांनी हे काम उभं केलं. यूसॅग-१ नावाचं प्रथिन दाताच्या कळीची वाढ अडवतं, आणि त्या प्रथिनालाच अडवणारी अँटिबॉडी त्यांनी तयार केली. उंदीर आणि फेरेट या प्राण्यांत जादाचा दात उगवलेला दिसला. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. त्यासाठी ३० ते ६४ वयाचे, एखादी दाढ नसलेले ३० पुरुष ठरवले होते आणि पाहायचं होतं ते औषध सुरक्षित आहे का एवढंच. त्यानंतर जन्मतःच बरेच दात नसलेल्या मुलांचा नंबर. २०३० च्या सुमारास ते वापरात यावं अशी त्यांची आशा आहे. त्या मुलांसाठी मीही ती मनापासून बाळगून आहे.

तुमच्या रिकाम्या जागेतलं हाड मात्र दर वर्षी झिजतंय, शेजारचे दात कलंडताहेत आणि समोरचे खाली उतरताहेत. आधी पायरिया आटोक्यात आणा, साखर तपासा, मग इम्प्लांट किंवा साधी काढती-घालती कवळी, जे जमेल ते याच वर्षी करा.

२०२१ मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी झाली. डावा वरचा जबडा दातांसकट काढला. टाळूला काढती-घालती प्लेट लावतो, पण पाणी प्यालं की नाकातून येतं, फोनवर बोललेलं समोरच्याला कळत नाही. लोकांत जेवायला बसत नाही. काही कायमचं होतं का? (वय ५४, परभणी)

होतं, दादा. तुमच्यासारखे लोक एकटे पडलेत हे मला फार लागतं. त्या वर्षी जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, त्यांत सगळ्यात जास्त आपल्या राज्यातले. जीव वाचला, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जेवायचं कसं हे विचारायला मात्र कोणी उरलं नाही.

थ्रीडी प्रिंटिंगचा खरा उपयोग तुमच्यासाठी आहे. सीटी स्कॅनवरून तुमच्या चेहऱ्याच्या हाडांचा हुबेहूब साचा छापता येतो आणि ऑपरेशन आधी त्यावर आखता येतं. एक मार्ग झायगोमॅटिक इम्प्लांटचा. नेहमीचा दाताचा इम्प्लांट साधारण ८ ते १५ मिलिमीटर लांब असतो, हा ३० ते ५० आणि थोडा वरही. जबडा नाही, मग तो गालफडाच्या हाडात रोवतात आणि त्यावर दात बसवतात. दुसऱ्या मार्गात पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, कापून, जबड्याच्या आकारात जोडतात, आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असल्यामुळे माणूस नीट चालतो. न्यूयॉर्कच्या सर्जननी २०१३ मध्ये हे हाड, इम्प्लांट आणि दात एकाच दिवशी बसवल्याचं मांडलं. आता भारतातही काही केंद्रांत असं होतं. टाळूला मोठं भोक असेल तर मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्याने नाक आणि तोंड कायमचं वेगळं होतं. ऑपरेशन आठ-दहा तासांचं असतं. हृदय, फुप्फुस किंवा पायाच्या रक्तवाहिन्या साथ देत नसतील तर इम्प्लांटवर घट्ट बसणारी नवी प्लेट, हाही चांगला तोडगा आहे. सध्याची प्लेट गळत असेल तर तिची मागची कड नव्याने करून घ्या. नुसत्या तेवढ्यानेही पुष्कळांचं पाणी नाकातून यायचं थांबतं, आणि ते पुढच्या महिन्यातच होऊ शकतं.

साखर आवरलेली नसेल तर यांतलं काहीच टिकत नाही. सर्जनकडे जाताना ताजा सीटी स्कॅन, जुन्या ऑपरेशनचा कागद, बुरशीचा बायोप्सी रिपोर्ट, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आणि आत्ता वापरता ती प्लेट, एवढं बरोबर न्या.